ट्रस्टचा तोटा तुमच्या खात्यातून वळता करता येत नाही

पत्र

नमस्कार. मी खेड तालुक्यातला. लोट्याच्या एमआयडीसीत एका रसायनांच्या कारखान्यात २७ वर्षं ऑपरेटर आहे. येत्या मे महिन्यात ५८ पूर्ण होतील. आमचा प्रॉव्हिडंट फंड सरकारी कार्यालयात नसून कंपनीच्या स्वतःच्या ट्रस्टकडे आहे. माझ्या खात्यावर सुमारे १६ लाख आहेत असं शेवटच्या स्लिपवर होतं. ती स्लिपही दोन वर्षांपूर्वीची. या दोन वर्षांत व्याज ७ टक्क्यांनीच लावलं असं ऐकतो.

गेल्या महिन्यात एचआरने एक छापील फॉर्म वाटला. त्यात लिहिलंय की ट्रस्टने घेतलेले काही रोखे बुडाले, ती घट मला मान्य आहे आणि खात्यावरच्या रकमेच्या ८५ टक्के रक्कम मी पूर्ण व अंतिम म्हणून स्वीकारतो. सही केल्याशिवाय ग्रॅच्युइटीचा चेक निघणार नाही, असं तोंडी सांगतात. काहींनी सह्या केल्यासुद्धा. कंपनी दुसऱ्या मालकाला विकली जाणार अशी कुणकुण आहे. तक्रार केली तर ट्रस्ट बंद होईल आणि आहे तेही जाईल, अशी भीती घालतात.

माझी आणखी एक अडचण आहे. ट्रस्टवर कामगारांच्या बाजूने जे विश्वस्त आहेत, त्यांतला एक माझा चुलत भाऊ. एकाच वाडीत घरं. तक्रार केली तर तो अडकेल का? आणि माझ्या पेन्शनचं काय होणार? काय करू?

उत्तर

सर्वात आधी हे: त्या फॉर्मवर सही करू नका. पुढचं सगळं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण ही गोष्ट आज घरी आणि उद्या पाळीवरच्या सोबत्यांना सांगा. १६ लाखांचे ८५ टक्के म्हणजे १३ लाख ६० हजार. उरलेले २ लाख ४० हजार तुम्ही सहीने सोडून देणार आहात, आणि कायद्याने ते सोडायची तुम्हाला काहीच गरज नाही.

कारण असं. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी कायद्यात नियम हा की पैसे सरकारी संघटनेकडे, म्हणजे ईपीएफओकडे भरायचे. काही कंपन्यांना कलम १७ खाली सूट मिळते आणि त्या स्वतःचा ट्रस्ट चालवतात. पण ही सूट फुकट मिळत नाही. ती ज्या अटींवर मिळते त्या अटींत स्पष्ट लिहिलेलं आहे की चोरी, अफरातफर, गैरव्यवहार किंवा ‘इतर कोणत्याही कारणाने’ निधीला तोटा झाला, तर तो मालकाने भरून द्यायचा. या शेवटच्या शब्दांवर बोट ठेवा. रोखे विकत घेताना ते सर्वोच्च पतमानांकनाचे होते, कोणाची लबाडी नव्हती, बाजारच पडला, हे सगळं खरं असलं तरी मालकाची जबाबदारी संपत नाही. आंब्याची बाग कराराने घेणाऱ्याचा मोहोर अवकाळीने गळला म्हणून तो बागमालकाच्या घरातून पैसे वसूल करत नाही. जोखीम कोणाची, ते करारातच ठरलेलं असतं. इथे तो करार कायद्याने लिहिलाय, आणि जोखीम कंपनीची आहे.

तुमची कंपनी पहिली नाही. २०१८ च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस हा बडा वित्तसमूह हप्ते चुकवू लागला. तोवर त्याच्या रोख्यांना वरचं मानांकन होतं आणि देशभरातल्या अनेक कंपन्यांच्या पीएफ ट्रस्टांनी ते घेतलेले होते. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातल्या वीज कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टचे दोन हजार कोटींहून जास्त रुपये डीएचएफएल या बुडालेल्या गृहकर्ज कंपनीत अडकले. कर्मचारी एकजुटीने रस्त्यावर उतरले, तेव्हा राज्य सरकारला पैशांची हमी घ्यावी लागली. त्या लोकांनी ‘घट मान्य आहे’ असं लिहून दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करा.

व्याजाचंही तसंच. ट्रस्टला ईपीएफओने जाहीर केलेल्या दरापेक्षा कमी व्याज देता येत नाही. कमी पडलं तर फरक मालकाने भरायचा. ईपीएफओचा दर २०२३-२४ साठी ८.२५ टक्के होता आणि २०२४-२५ साठीही तेवढाच. तुम्हाला ७ टक्के लावलं असेल तर १६ लाखांवर वर्षाला साधारण २० हजारांचा फरक पडतो, आणि पुढच्या वर्षी त्या २० हजारांवरचं व्याजही बुडतं. म्हणजे फॉर्ममधल्या १५ टक्क्यांशिवाय हीदेखील तुमची येणी आहे. सगळे फक्त बुडालेल्या रोख्यांबद्दल बोलतात, त्या गडबडीत व्याजाचा फरक विसरून जातो. तुम्ही विसरू नका.

ज्यांनी सह्या केल्या त्यांनी हाय खाऊ नये. कायद्याने दिलेलं संरक्षण मोडून काढणारा करार भारतीय करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे अवैध ठरू शकतो. पण वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. ‘माझी सही ग्रॅच्युइटी अडवण्याच्या दबावाखाली, ट्रस्टचे हिशोब न दाखवता घेतली, ती मी मागे घेत आहे’ असं दोन ओळींचं पत्र कंपनीला नोंदणीसह स्पीड पोस्टाने पाठवा आणि प्रत ईपीएफओला द्या. जितक्या लवकर जाईल तितकं त्याचं वजन.

ग्रॅच्युइटी अडवणं तर उघड दमदाटी आहे. ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड हे दोन वेगळे हक्क आहेत, एकाच्या सहीवर दुसरा लटकवता येत नाही. निवृत्तीनंतर ३० दिवसांत ग्रॅच्युइटी द्यावीच लागते, उशीर झाला तर व्याजासकट. न दिल्यास कामगार खात्याच्या सक्षम अधिकाऱ्याकडे साधा अर्ज करता येतो. वकील लागतोच असं नाही. ते तोंडी सांगतात, कारण लेखी दिलं तर तोच तुमचा पुरावा होईल. म्हणून तुम्हीच लेखी विचारा: ‘ग्रॅच्युइटीसाठी हा फॉर्म भरणं आवश्यक आहे का, कृपया लेखी कळवावे.’ उत्तर येवो न येवो, तुमची पोच तुमच्या हातात राहील.

आता कागद. ही लढाई कागदांवरच होणार आहे आणि कामगार इथेच मागे पडतात. सरकारी खातं असतं तर पासबुक मोबाइलवर दिसलं असतं. सूट असलेल्या ट्रस्टच्या सभासदांना ईपीएफओच्या संकेतस्थळावर ते दिसत नाही, त्यामुळे ट्रस्ट देईल तेवढंच कळतं. पण ट्रस्टने किती द्यायचं हेही ठरलेलं आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत प्रत्येक सभासदाला वार्षिक हिशोब मिळाला पाहिजे. विश्वस्त मंडळाची बैठक दर तीन महिन्यांनी किमान एकदा झाली पाहिजे. हिशोबांचं दरवर्षी लेखापरीक्षण झालं पाहिजे. आणि जी अट मला सर्वात महत्त्वाची वाटते ती ही: ट्रस्टचे मंजूर नियम कंपनीच्या सूचनाफलकावर, बहुसंख्य कामगारांच्या भाषेतल्या अनुवादासह लावले पाहिजेत. लोट्यात ती भाषा मराठी. तुमच्या गेटवर असा मराठी कागद कधी पाहिलाय का? नसेल तर सूट टिकवण्याची एक अट कंपनी रोज मोडते आहे, आणि ते सिद्ध करायला फलकाचा एक फोटो पुरतो.

याहून जुना आणि पक्का हक्क १८८२ च्या भारतीय विश्वस्त कायद्यात आहे. त्याच्या कलम ५७ प्रमाणे लाभार्थ्याला ट्रस्टचा मूळ दस्तऐवज आणि हिशोब पाहण्याचा, त्यांच्या प्रती घेण्याचा हक्क आहे. लाभार्थी म्हणजे तुम्ही. एचआरकडे गयावया करायची नाही. ‘कलम ५७ अन्वये प्रती मिळाव्यात’ असं लिहून मागायचं: ट्रस्टडीड, गेल्या पाच वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल, बुडालेल्या रोख्यांची यादी, खरेदीच्या तारखा आणि ती खरेदी मंजूर करणाऱ्या बैठकांची इतिवृत्तं. पैसा कशात किती गुंतवायचा, सरकारी रोख्यांत किती आणि कंपन्यांच्या रोख्यांत किती, याची चौकट केंद्र सरकारने घालून दिलेली आहे. ती मोडली का, हे या कागदांतून कळेल. कंपनीने दाद दिली नाही तर ईपीएफओकडे माहिती अधिकारात अर्ज करा. सूट असलेल्या ट्रस्टवर देखरेख त्यांचीच, त्यामुळे त्यांना मिळू शकणारी कागदपत्रं तुम्हालाही मागता येतात.

तुमच्या चुलत भावाबद्दल. पत्रात ही ओळ तुम्ही शेवटी लिहिलीत, पण खरा अडसर तोच असावा असं मला वाटतं. मंडळावर कामगारांचे आणि मालकाचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात. कागदावर ही मोठी ताकद आहे. प्रत्यक्षात कामगार विश्वस्ताला इंग्रजीतले कागद पुढे सरकवले जातात, चहा येतो आणि ‘इथे सही करा’ म्हणतात. ना प्रशिक्षण, ना आधी कागद वाचायला वेळ. तो दोषी आहे असं मी म्हणत नाही. पण कायदा विश्वस्ताकडून अपेक्षा ठेवतो की स्वतःच्या पैशाची जितकी काळजी शहाणा माणूस घेईल, तितकी त्याने ट्रस्टच्या पैशाची घ्यावी. दुसऱ्या विश्वस्ताने चूक केली आणि आपण माहीत असून गप्प राहिलो, तर जबाबदारी आपल्यावरही येऊ शकते.

म्हणून तुमच्या तक्रारीने तो अडकत नाही. तो गप्प राहिला तर अडकतो. आज रात्रीच त्याच्याकडे जा आणि भांडायला नव्हे, हे सांगायला जा. त्याच्या बचावाचा रस्ता एकच आहे: पुढच्या बैठकीत तोटा मालकाने भरून द्यावा असा ठराव मांडणं, तो फेटाळला गेला तर आपला विरोध इतिवृत्तात लिहून घेणं, आणि त्याची प्रत भविष्य निर्वाह निधी आयुक्तांना पाठवणं. इतिवृत्त लिहू दिलं नाही तर त्याच दिवशी स्वतःच्या सहीने पत्र. मूळ जबाबदारी मालकाची आहे, कामगार विश्वस्ताने खिशातून भरावं म्हणून ही तक्रार नाही, हेही त्याला नीट समजावून द्या. भावकी राखायची असेल तर त्याला बरोबर घेऊन जाणं हाच उपाय आहे. वाडीतल्या वीस घरांचे पैसे त्याच ट्रस्टमध्ये असतील, तर त्याच्या मौनाची किंमत त्याच्या स्वतःच्या घरालाही मोजावी लागेल.

तक्रार कुठे करायची? रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाचं काम ईपीएफओच्या कोल्हापूरच्या प्रादेशिक कार्यालयातून चालतं. रायगडातल्या, म्हणजे महाड-रोह्याच्या वाचकांनी मात्र वाशीचं कार्यालय गाठावं. कुंभार्ली घाट चढून कोल्हापूरला जायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी आणि वर एसटीचं भाडं. म्हणून आधी जवळची सोय वापरा. दर महिन्याच्या २७ तारखेला ‘निधी आपके निकट’ नावाचं शिबिर जिल्ह्याजिल्ह्यांत भरतं, सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे लेखी तक्रार द्या आणि शिक्का मारलेली पोच घ्या. तीच तक्रार ईपीएफओच्या ऑनलाइन तक्रार पोर्टलवरही टाका, म्हणजे नोंदणी क्रमांक मिळतो.

तक्रारीत रडगाणं नको, मागणी हवी. १९५२ च्या कायद्याच्या कलम ७अ खाली चौकशी करून मालकाकडून येणं निश्चित करावं, ही मुख्य मागणी. सूट असलेल्या कंपन्यांनाही हे कलम लागू आहे, ते कलम १७ मध्येच लिहिलेलं आहे. या चौकशीत अधिकाऱ्याला दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात: साक्षीदाराला बोलावणं, कागद हजर करायला लावणं, शपथेवर जबाब घेणं. म्हणजे जे कागद कंपनी तुम्हाला देत नाही ते तिथे तिला द्यावे लागतील. थकलेल्या रकमेवर कलम ७क्यू प्रमाणे १२ टक्के व्याज लागतं. ते मागायला विसरू नका. एकट्याच्या सहीने जाऊ नका. पाच-पंचवीस सह्या असल्या की एकाला बाजूला काढून त्रास देणं अवघड होतं, आणि तुम्ही मे महिन्यात निवृत्त होणार म्हणजे पुढे उभं राहायला सर्वात मोकळे तुम्हीच आहात. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करायचं, ही तरुण पोरांची चिंता खरी आहे. तुमची तशी राहिलेली नाही.

एक गोष्ट वेगळी तपासा. तुमच्या पगारातून कापलेले पैसे ट्रस्टमध्ये पोहोचलेच नाहीत असं काही महिन्यांचं निघालं, तर ते प्रकरण फौजदारी आहे. कामगाराच्या पगारातून फंडाचा हिस्सा कापून तो न भरणं हा गुन्हेगारी विश्वासघात मानला जातो, कंपनीला सूट असो वा नसो. पूर्वी ते भारतीय दंड संहितेच्या कलम ४०५ मध्ये होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ मध्ये आहे. म्हणून जुन्या पगारपावत्या फेकू नका. पत्र्याच्या पेटीत, पावसाळ्याच्या ओलीपासून दूर ठेवा आणि सगळ्यांचे फोटो काढून मुलाच्या फोनवरही ठेवा.

‘तक्रार केली तर ट्रस्ट बंद होईल’ हे अर्धं खरं आहे. अटी मोडल्या तर सूट रद्द होऊ शकते. पण सूट रद्द झाली म्हणजे पैसे गेले असं नाही. साठलेली रक्कम ईपीएफओकडे वर्ग करावी लागते, तूट मालकाकडून वसूल होते आणि तुमचं खातं सरकारी व्यवस्थेत येतं. माझ्या मते तुमच्यासारख्या कारखान्यात तेच बरं. जो मालक दोन वर्षं साधी स्लिप देत नाही, त्याच्या हातात हा पैसा राहू नये.

विक्रीची कुणकुण असेल तर घाई करा. कलम १७ब प्रमाणे विकणारा आणि घेणारा दोघेही विक्रीच्या तारखेपर्यंतच्या येण्याला जबाबदार असतात, घेणारा मिळालेल्या मालमत्तेच्या किमतीपर्यंत. विक्रीआधीच ७अ ची चौकशी सुरू असेल तर नव्या मालकाला ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणता येत नाही. कंपनी दिवाळ्यात गेली तरी भविष्य निर्वाह निधी, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी निधीची येणी दिवाळखोरी संहितेच्या कलम ३६ नुसार लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरली जात नाहीत, म्हणजे ती इतर घेणेकऱ्यांत वाटता येत नाहीत. आणि बँक विरुद्ध कामगार असा प्रश्न आला तर २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेच्या खटल्यात साखर कारखान्यांच्या बाबतीत सांगितलेलं आहे की फंडाची थकबाकी बँकेच्या तारणाच्याही आधी.

पेन्शनबद्दल दिलासा देतो. ट्रस्ट प्रॉव्हिडंट फंडाचा असला तरी पेन्शनचा हिस्सा सहसा त्यात जात नाही. मालकाच्या १२ टक्क्यांपैकी ८.३३ टक्के, १५ हजारांच्या मर्यादेवर म्हणजे महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये, थेट ईपीएफओच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत जातात. ते बुडालेल्या रोख्यांत गेलेले नाहीत. तुमचं पेन्शन ५८ पूर्ण झाल्यावर फॉर्म १०डी भरून सुरू होतं, आणि ट्रस्टचा वाद चालू आहे म्हणून कंपनीला तो फॉर्म अडवता येत नाही. मात्र आत्ताच तुमच्या यूएएनवर, म्हणजे फंडाच्या कायमच्या क्रमांकावर, सेवेचा तपशील उघडून नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख आणि बायकोचं नाव आधारशी जुळतंय का ते पाहा. मे महिन्यात ही दुरुस्ती करत बसलात तर गणपतीपर्यंत पेन्शन लटकेल. जास्त पगारावरच्या पेन्शनचा पर्याय देण्याची मुदत ११ जुलै २०२३ ला संपली. ‘अजूनही करून देतो’ म्हणणाऱ्या एजंटाला एक रुपयाही देऊ नका.

जुन्या कामगार कायद्यांच्या जागी आलेल्या नव्या श्रम संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्याचं केंद्राने जाहीर केलं आहे, त्यामुळे कलमांचे आकडे बदलत जातील. अर्जात आकडा जुना पडला म्हणून हक्क जात नाही. पण एक बदल मनात ठेवा: सामाजिक सुरक्षा संहितेत अशी चौकशी सुरू करायला वाद उद्भवल्यापासून ५ वर्षांची मर्यादा घातली आहे. ‘निवृत्त झाल्यावर बघू’ हा विचार सोडून द्या.

एवढं करूनही मे महिन्यात त्यांनी ८५ टक्क्यांचाच चेक पुढे केला, तर चेक घ्या. घरखर्च थांबत नाही आणि चेक नाकारून तुमचा हक्क मोठा होत नाही. फक्त पावतीवर, सहीच्या वर, स्वतःच्या हाताने मराठीत लिहा: ‘ही रक्कम अंशतः मिळाली. उरलेली रक्कम व व्याजाचा फरक यांवरचा हक्क राखून, निषेधासह स्वीकारत आहे.’ खाली तारीख घाला आणि सही करण्याआधी त्या कागदाचा फोटो काढा. असं लिहू देत नसतील तर चेक तिथेच ठेवून त्याच दिवशी खेडच्या पोस्टातून नोंदणीसह स्पीड पोस्टाने पत्र टाका, की अमुक तारखेला अमुक रकमेचा चेक बिनशर्त द्यायला कंपनीने नकार दिला. त्याची पावती तक्रारीच्या फाइलला लावा.